मोटारीच्या चाकांतील नभोवाणी



जर्मनींत मोटार बाळगणाऱ्या गृहस्थाला वर्षांतून दोनदां चाकें बदलावीं लागतात. ऑक्टोबरपासून ईस्टरपर्यंत हिवाळी टायर वापरावे, अशी तेथें रूढी आहे; आणि रस्त्यावर बर्फ असतां अशा टायरांवांचून गाडी हांकूं नये, असा २०१० पासून स्पष्ट नियमहि आहे. पुष्कळ लोक दरवेळीं टायर उतरवीत बसत नाहींत. रिमांसकट चार चाकांचा दुसरा संचच तळघरांत ठेवतात. बोल्ट सोडले, चाकें बदललीं, बोल्ट आवळले, काम झालें! परंतु गाडी थोडी पुढें जाते न जाते तोंच चालकासमोर एक पिवळा दिवा लागतो. त्यावर घोड्याच्या नालासारखी आकृति व मध्यें उद्गारचिन्ह असतें. हवा तर नुकतीच भरलेली; मग ही तक्रार कसली?

ह्या दिव्याचा जन्म मोठ्या अनर्थांतून झाला आहे. अमेरिकेंत २००० च्या ऑगस्टमध्यें फायरस्टोन कंपनीनें सुमारें ६५ लाख टायर परत मागविले. भर वेगांत टायरावरचा पट्टा सुटून गाड्या उलटत होत्या. अशा अपघातांत तेथील सरकारी खात्याच्या गणनेप्रमाणें २७१ माणसें दगावलीं. कमी हवेचा टायर फार तापतो व लवकर फाटतो, ही गोष्ट त्या वेळीं सर्वांच्या ध्यानीं आली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत कायदा झाला, आणि पुढें २००७ च्या सप्टेंबरपासून तेथील प्रत्येक नव्या हलक्या गाडींत दाब पाहणारी यंत्रणा बसूं लागली. युरोपांत २०१४ च्या नोव्हेंबरपासून सर्व नव्या प्रवासी मोटारींना असाच नियम लागूं झाला.

ही यंत्रणा दोन प्रकारची असते. एका प्रकारांत प्रत्येक चाकाच्या आंत, व्हॉल्व्हच्या बुडाशीं, एक लहानसा सेन्सर असतो. तें एक इवलेंसें नभोवाणी केंद्रच म्हणावयाचें! युरोपांत तें बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतें, अमेरिकेंत ३१५ वर. प्रत्येक केंद्राला स्वतःचा क्रमांक असतो, आणि गाडी फक्त आपल्या ओळखीच्या चौघांचेंच ऐकते. चाकें बदललीं कीं हे चौघे तळघरांत मुके पडून राहतात. नव्या चाकांत सेन्सर असले तरी त्यांचे क्रमांक गाडीला ठाऊक नसतात, आणि नसले तर बोलणारेंच कोणी नाहीं. बऱ्याच गाड्यांत अशा वेळीं दिवा मिनिट दीड मिनिट लुकलुकतो व मग स्थिर होतो. आरंभापासूनच तो स्थिर जळत असेल, तर मात्र हवा खरोखरच कमी आहे असें समजावें.

खरा धोका ह्यापुढचा आहे. लुकलुकून स्थिर झालेला दिवा हिवाळाभर तसाच जळत राहतो. मालकाची नजर त्याला सरावते, आणि जानेवारींत रात्रीं खिळा घुसून हवा गळूं लागली तरी त्याला सांगणारें कोणी उरत नाहीं. कांहीं हुशार मंडळी चारहि सेन्सर एका हवाबंद नळींत घालून, हवा भरून, गाडीच्या मागच्या पेटींत ठेवतात. दिवा विझतो खरा, पण मग गाडी चाकांची नव्हे, त्या नळीची राखण करते!

सरळ मार्ग म्हणजे दुसऱ्या संचांतहि सेन्सर बसवून त्यांची गाडीशीं ओळख करून देणें. कांहीं गाड्या थोडें अंतर चालवल्यावर हे क्रमांक आपण होऊन शिकतात. कांहींना कारखान्यांतील उपकरण लागतें. जुन्या सेन्सरांचेच क्रमांक नव्यांत उतरवून घेतां येतात. मग गाडीला बदल झाल्याचें कळतहि नाहीं. सेन्सरांतील बॅटरी साधारणपणें ५ ते १० वर्षें टिकते, व ती बदलतां येत नसल्यानें सबंध सेन्सरच बदलावा लागतो. म्हणून जुन्या चाकांवर नवा टायर चढवितांनाच हें काम उरकून घेतलेलें बरें.

दुसऱ्या प्रकारांत चाकांत कांहींच नसतें. हवा कमी झालेलें चाक किंचित् लहान होऊन अधिक वेगानें फिरतें, हें ब्रेकच्या यंत्रणेकडून गाडी ताडते. येथें चाकें बदलल्यावर दाब नीट भरून मग गाडीला ‘हाच योग्य दाब’ असें बटन दाबून सांगावयाचें असतें. दिवा विझवण्याच्या घाईंत आधीं बटन दाबलें, तर गाडी कमी हवेलाच योग्य समजून बसते. शिवाय हवा थंड टायरांत मोजावी. तपमान १० अंशांनीं उतरलें कीं दाब सुमारें ०.१ बार घटतो. म्हणून उबदार तळघरांत बेताची हवा भरलेलीं चाकें पहाटेच्या गारठ्यांत दिवा लावतात, आणि तेव्हां तो दिवा खरेंच सांगत असतो.