कामाची मुलगी आणि घरची मुलगी



आपल्या पुण्यांत मोलकरीण आजारी पडली कीं पुष्कळदां तिची दहा वर्षांची मुलगी कामावर येते. घरांतील सात वर्षांच्या मुलीशीं तिची लवकरच गट्टी जमते. दोघी भातुकली मांडतात, एकच चिंच वांटून खातात. परंतु "ताई" म्हणावयाचें तें थोरलीनें धाकटीला! शाळेच्या फाटकापर्यंत दप्तर धाकटीचें, खांदा थोरलीचा. धाकटी कांहीं दुष्ट नसते. कोणाचा पेला वेगळा ठेवावयाचा हें ती आईचें पाहून शिकते.

संत जोसेफीन बखिता हिची हकीकत आठवा. सुदानांत गुलाम म्हणून विकली गेलेली ही मुलगी एका धनिकाच्या मुलींची दासी होती. मुलींचा तिजवर लोभ होता. पण त्यांच्या भावाची खप्पामर्जी होतांच त्यानें तिला इतकें मारलें कीं ती महिनाभर उठूं शकली नाहीं. बहिणींचा लोभ तिच्या कामीं आला नाहीं.

"ती आम्हांला पोटच्या मुलीसारखी," असें आपल्यांतील सज्जनही म्हणतात. मग तिची पाटी कोठें आहे? चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. २००९ च्या कायद्यानें शाळेचा हक्कही दिला. तरी मुलगी येते, कारण खाडा झाला कीं आईचा पगार कापला जातो. पुण्याच्या मोलकरणींनीं १९८० सालीं पगार व रजा यांसाठीं संप केला, तो उगीच नव्हे.

तेव्हां आई आजारी असेल त्या दिवशीं पगार कापूं नका, मुलीला दारांतूनच शाळेंत धाडा, आणि भांडीं घरच्या मुलांसह आपण घासा.