गाणी लावण्याची कला



आज ज्या कलेबद्दल बोलायचं आहे ती तुमच्यापैकी अनेकांच्या हातात रोज असते, पण कला म्हणून तिची गणना कुणी करत नाही. गाणी निवडायची, ती एकामागून एक लावायची आणि महिनाभर आपली म्हणून ऐकायची, ही ती कला. मोबाइलवर प्लेलिस्ट करणं आता लहान मुलांनाही येतं. पण आवडलेलं प्रत्येक गाणं यादीत टाकत गेलो तर तयार होते ती साठवण. मांडणी वेगळी. एखादं गाणं आपल्या मनात किती खोल जातं, हे पुष्कळदा त्याच्या आधी काय वाजलं यावर ठरतं. म्हणून गाण्यांचा क्रम लावायला शिकणं म्हणजे ऐकायलाच शिकणं, असं मी मानतो.

आपल्याकडे ही जाण फार जुनी आहे. नवरात्रात भोंडला किंवा हादगा घालतात तेव्हा पहिलं गाणं गणेशाचं. पुष्कळ ठिकाणी पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, अशी रोज एकेक गाण्याची भर पडत जाते आणि शेवट खिरापत ओळखण्यानं होतो. वारकऱ्यांच्या भजनात आधी मंगलाचरण, मग रूपाचे अभंग, आणि पुढे गौळण, भारूड. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावोगाव पहाटे काकडा चालतो, त्यातही भूपाळी कुठे, वासुदेव कुठे, गौळण कुठे हे ठरलेलं असतं. शास्त्रीय मैफलीत विलंबित ख्याल आधी, द्रुत नंतर, मग नाट्यपद किंवा अभंग आणि शेवटी भैरवी. भैरवी खरं तर सकाळची, पण मैफल रात्री दोनला संपली तरी शेवट तिचाच, आणि तिच्यानंतर सहसा कुणी गात नाही.

क्रमाचं सगळ्यात मोठं मराठी उदाहरण आकाशवाणीनंच दिलं आहे. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. दर आठवड्याला एक नवं गीत, अशी वर्षभरात ५६ गीतं झाली. पहिलं भूप रागात, शेवटचं भैरवीत. मधल्या गीतांमध्ये गाणारं पात्र बदलतं, राग बदलतो, ताल बदलतो, म्हणूनच एकच कथा वर्षभर ऐकूनही कान थकला नाही. एका गीतावर लोक आठवडाभर राहायचे, हाही त्या योजनेचाच भाग. आज एका दिवसात शंभर गाणी कानावरून जातात आणि संध्याकाळी त्यातलं एकही आठवत नाही. महिन्याची यादी करायची ती यासाठी.

आता प्रत्यक्ष यादी कशी करायची ते पाहू.

पहिली गोष्ट, लांबी. यादी पाऊण तासाच्या आसपास ठेवा. जुन्या लाँग प्ले तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून साधारण एवढाच वेळ भरायचा आणि नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजूही एवढीच. त्या काळात जागा कमी होती, म्हणून निवड काटेकोर व्हायची. त्याही आधीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मिळायची, आणि तेवढ्यात गायकाला राग उभा करावा लागे. मर्यादा कलेला मारक नसते, हे त्या तबकड्यांनी दाखवून दिलं आहे. पाऊण तासात दहा-बारा गाणी बसतात. तेरावं घ्यायचं असेल तर एक काढा. कुठलं काढायचं याचा विचार करताना त्या गाण्यात तुम्हाला नेमकं काय आवडतं, हे कदाचित पहिल्यांदा कळेल.

दुसरी गोष्ट, सांधे. दोन गाण्यांमधली जागा ऐका. पहिल्या गाण्याची शेवटची पंधरा सेकंदं आणि पुढच्याची पहिली पंधरा सेकंदं, एवढीच वाजवून पाहा. काही गाणी तिहाई घेऊन समेवर स्वच्छ थांबतात, काहींचा आवाज हळूहळू विरत जातो. विरलेल्या गाण्यानंतर एकदम ढोलकी आली तर दचकायला होतं. तीच ढोलकी समेवर थांबलेल्या गाण्यानंतर आली तर उभारी देते. पट्टीकडेही लक्ष द्या. आधीचं गाणं काळी चारमध्ये असेल आणि पुढचं त्याहून अर्धा सूर वर असेल, तर क्षणभर पुढचं गाणं बेसूर वाटतं. दोष गाण्याचा नसतो, आपला कान अजून आधीच्या ‘सा’वर बसलेला असतो. पण आधीच्या गाण्यात जिथे पंचम होता तिथे पुढच्याचा षड्ज आला, तर कान विनातक्रार पुढे जातो. यासाठी पेटी वाजवता यायला हवी असं नाही. गाणं संपल्यावर त्याचा ‘सा’ गुणगुणत राहा आणि पुढचं सुरू करा, लगेच कळेल.

जुन्या ध्वनिमुद्रणांची एक वेगळी काळजी घ्यावी लागते. बालगंधर्वांची किंवा हिराबाई बडोदेकरांची तबकडी आजच्या चकचकीत ध्वनिमुद्रणाला लागून लावली तर जुनी तबकडी बिचारी खरखरीत आणि दूरची वाटते. मध्ये पन्नास-साठच्या दशकातलं एखादं भावगीत ठेवा. कान पायरी पायरीनं मागे जातो आणि मग त्या खरखरीच्या आत गंधर्वांचा सूर किती नेमका लागलाय, हे ऐकू येतं.

तिसरी गोष्ट, शेवट. रेडिओ सिलोनवर सकाळी जुन्या चित्रपटगीतांचा कार्यक्रम असायचा, तो कुंदनलाल सैगलांच्या गाण्यानं संपायचा. सैगल सुरू झाले की आठ वाजत आले, हे घराघरांत माहीत असे. तुमच्या यादीलाही असा हक्काचा शेवट असू द्या. दर महिन्याला बाकीची गाणी बदलली तरी शेवट एकाच गायकाचा ठेवून पाहा.

आता महिने. इंग्रजी महिन्याप्रमाणे यादी केली तरी बिघडत नाही, पण आपल्या संगीतात ऋतू मुळातच विणलेला आहे. पावसाचा मल्हार, वसंताचे बसंत आणि बहार, म्हणून मी चैत्र-वैशाखाच्या हिशेबानं जातो. कुमार गंधर्वांनी ‘गीत वर्षा’, ‘गीत हेमंत’, ‘गीत वसंत’ असे अख्खे कार्यक्रम एकेका ऋतूवर बांधले आणि त्यांत रागसंगीताच्या सोबतीला माळव्याची लोकगीतं आणली. ऋतू हे नुसतं निमित्त नसतं, तो गाण्यांना एका सुतात धरतो, हे त्यांनी दाखवलं.

ज्येष्ठात पहिला पाऊस आला की मुलांसाठी ‘नाच रे मोरा’ आठवतं. ‘देवबाप्पा’ चित्रपटातलं ते गाणं आशा भोसले यांचं आणि त्याची चाल पु. ल. देशपांडे यांची. त्याच्या पाठोपाठ गौड मल्हाराची एखादी द्रुत बंदिश लावा. मुलं मोरावरून थेट मल्हारात येतात, आणि राग म्हणजे काहीतरी अवघड, ही भीती मनात बसायच्या आधीच निघून जाते.

आषाढाची यादी मी अभंगांची करतो, पण सगळे अभंग एका जातीचे घेत नाही. एखाद्या दिंडीत टाळ-मृदंगावर खुल्या गळ्यानं म्हटलेला अभंग आधी. मग श्रीनिवास खळ्यांच्या चालीतला, लता मंगेशकरांनी गायलेला तुकोबांचा अभंग. त्यानंतर राम फाटकांच्या चालीतले भीमसेन जोशी. पहिल्यात शंभर माणसं एका लयीत चालताना ऐकू येतात. दुसऱ्यात एकच माणूस देवाशी बोलतो. तिसऱ्यात ख्यालगायकीची ताकद भक्तीच्या कामाला लागलेली असते. तिन्ही शेजारी ठेवल्याशिवाय हा फरक इतका लख्ख दिसत नाही.

श्रावणात मंगळागौरीची गाणी, माघ-फाल्गुनात बहार आणि होरी. डिसेंबर गोव्यात किंवा गोव्याच्या आठवणीत घालवणाऱ्यांनी नाताळच्या यादीत मांडो जरूर घ्यावा, आणि लोर्ना व ख्रिस पेरी यांची कोकणी गाणी. ख्रिस पेरींचा ट्रम्पेट आणि लोर्नांचा भरदार आवाज यांना जागा लागते, त्यामुळे त्यांच्या आधी एखादं शांत गाणं हवं.

आणि आता दिवाळी. सुट्टीची यादी सर्वांत अवघड, कारण ती एकट्यानं ऐकायची नसते. घरात आजी असते, शहरातून आलेली नातवंडं असतात, फराळाची ताटं फिरत असतात, आणि कुणीही शांत बसून ऐकत नाही. अशा वेळी गाण्यांनी वातावरण धरायचं असतं. नरकचतुर्दशीच्या पहाटे आकाशवाणीवर नरकासुरवधाचं कीर्तन लागायचं आणि अभ्यंगस्नान त्या आवाजात व्हायचं, हे अनेकांना आठवत असेल. ती वेळ अजूनही संगीतासाठी मोकळी आहे.

माझी पहाटेची यादी अशी. सुरुवातीला दोन-तीन मिनिटं सनई. मग व्ही. शांतारामांच्या १९५१च्या ‘अमर भूपाळी’तली होनाजीची भूपाळी, संगीत वसंत देसाई यांचं. नंतर भैरव रागातली एखादी छोटी बंदिश. आणि तिच्यानंतर ‘ज्योती कलश छलके’. ‘भाभी की चूड़ियाँ’ या १९६१च्या चित्रपटातलं हे लताबाईंचं गाणं, चाल सुधीर फडक्यांची, शब्द पंडित नरेंद्र शर्मांचे. विविध भारतीच्या उभारणीत या शर्माजींचा मोठा वाटा होता.

मध्ये भैरव का, ते सांगतो. ती भूपाळी आणि ‘ज्योती कलश’, दोन्ही मुख्यतः सा, रे, ग, प, ध या पाच शुद्ध स्वरांवर उभी आहेत. ती लागोपाठ लावली तर दुसरं पहिल्याची पुनरावृत्ती वाटतं आणि दोन्हींचं तेज उतरतं. मध्ये भैरव आला की त्याचे कोमल रिषभ आणि कोमल धैवत पहाटेचा काळोख कानात आणतात. त्या कोमल रिषभानंतर शुद्ध रिषभ लागतो तेव्हा खोलीत उजेड वाढल्यासारखं वाटतं. गाणं तेच आहे, त्यात एक सूरही बदललेला नाही. बदललाय तो शेजार.

आता संध्याकाळ. लक्ष्मीपूजन झालंय, पणत्या लागल्यात. इथे किशोरी आमोणकरांचं ‘सहेला रे’ लावा. राग भूप. पुन्हा तेच पाच सूर! सकाळच्या देशकार रागातही हेच पाच सूर असतात. पण देशकारात ठेहराव वरच्या बाजूला, धैवतावर, म्हणून तो चढत्या सकाळचा वाटतो. भूपात गंधार हा विसाव्याचा सूर, म्हणून तो संध्याकाळी शांत बसलेला वाटतो. सकाळच्या चालींमध्ये गाणं कुठे थांबतं आणि किशोरीताई कुठे थांबतात, एवढंच ऐका. राग म्हणजे नुसती सुरांची यादी नव्हे, कुठल्या सुरावर किती मुक्काम करायचा यावर तो ठरतो, हे एरवी व्याख्यानं देऊन पटवावं लागतं. दिवाळीच्या एका दिवसात, चकलीचा घास तोंडात असताना, ते कानाला कळून जातं.

घरातल्या प्रत्येकाचं एक गाणं या यादीत असू द्या, पण त्याची जागा तुम्ही ठरवा. नातीनं सांगितलेलं नवं दणदणीत गाणं फराळाच्या वेळेला ठेवा, आजीचं नाट्यपद ओवाळणीच्या आधी. कुणाचीही आवड कमी लेखायची नाही, तिला योग्य शेजार द्यायचा.

दोन पथ्यं सांगून थांबतो. यादी महिनाभर बदलू नका आणि शफलचं बटण बंद ठेवा. पण यादी करण्याआधी, या आठवड्यात एवढं करून पाहा. तुमच्या ओळखीची तीन गाणी घ्या: एक संथ, एक द्रुत आणि एक जुन्या तबकडीवरचं. आज एका क्रमानं ऐका, उद्या क्रम उलटा करा. दोन्ही वेळा मधल्या गाण्यात पहिल्यांदा काय ऐकू आलं ते कागदावर एका ओळीत लिहून ठेवा. त्या दोन ओळी वेगळ्या निघाल्या, तर या महिन्याची यादी करायला तुम्ही तयार आहात.