यंत्रबुद्धीचे उसने शब्द

नव्या विद्येच्या दाराशीं प्रथम भेटतात ते तिचे शब्द. ते अनोळखी असले तर मनुष्य सावध राहतो. कृत्रिम बुद्धिमत्तेची गोष्ट उलट आहे. बुद्धि, शिक्षण, भ्रम हे तिचे शब्द फार ओळखीचे आहेत. वर्तमानपत्रांतून ते रोज वाचावयास मिळतात, घरांतील मुलांच्या तोंडींहि असतात. ते सारे मनुष्याच्या व्यवहारांतून उसने घेतलेले आहेत, आणि ओळखीचे असल्यामुळेंच ते नवशिक्याची फसगत करतात.

मूळ नांवच पाहावें. १९५५ सालीं अमेरिकेंत जॉन मॅकार्थी व त्यांचे तीन सहकारी यांनीं एका अभ्यासवर्गासाठीं पैसे मागणारें निवेदन लिहिलें. त्यांत हें नांव आलें. दहा माणसांनीं दोन महिने काम केल्यास या विषयांत भरीव प्रगति होईल, असा त्यांचा अंदाज होता. १९५६ च्या उन्हाळ्यांत डार्टमथ कॉलेजांत तो वर्ग भरला. अंदाज मात्र फारच उदार ठरला. ‘बुद्धिमत्ता’ हें त्या वेळीं हातीं आलेल्या वस्तूचें नांव नव्हतें, एका आकांक्षेचें होतें.

‘अल्गोरिदम’ या शब्दाला लोक उगीच बिचकतात. नवव्या शतकांत बगदाद येथें अल्-ख्वारिझ्मी नांवाचा गणिती होऊन गेला. भारतीय अंकपद्धति समजावून देणारा त्याचा ग्रंथ पुढें लॅटिन भाषेंत गेला, व त्याच्या नांवाच्या लॅटिन रूपावरून हा शब्द निघाला. ठराविक पायऱ्यांनीं हिशेब उरकण्याची रीत, एवढाच त्याचा अर्थ. त्रैराशिक मांडणारा शाळकरी मुलगा अल्गोरिदमच चालवीत असतो.

‘मशीन लर्निंग’, म्हणजे यंत्राचें शिकणें, हा शब्द १९५९ सालीं आर्थर सॅम्युएल यांच्या चेकर्स या पटावरील खेळाविषयींच्या निबंधानें रूढ झाला. पूर्वींच्या पद्धतींत सारे नियम मनुष्य लिहून देई. या पद्धतींत यंत्रापुढें उदाहरणें मांडतात. उदाहरणांच्या त्या साठ्यास ‘डेटा’ म्हणतात. भाषा हाताळणाऱ्या यंत्राच्या बाबतींत तो म्हणजे पुस्तकें, लेख, बातम्या यांचा प्रचंड मजकूर. वाक्याचा आरंभ देऊन पुढील शब्द झांकून ठेवतात. यंत्र अटकळ बांधतें. ती खऱ्या शब्दाशीं ताडून पाहतात. आणि चूक जेवढी असेल त्या मानानें आंतील आंकडे किंचित् कमीअधिक करतात. या आंकड्यांस ‘पॅरामीटर’ म्हणतात. तंबोरा लावतांना गवई खुंटी पिळतो, कान देतो, मणी सरकवितो, पुन्हां कान देतो. तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं तंबोऱ्याला खुंट्या चार, आणि २०२० सालच्या जीपीटी-३ या यंत्ररचनेला १७,५०० कोटी. त्या लावून झाल्या म्हणजे जें तयार होतें तें ‘मॉडेल’. कपाटांत ग्रंथ ठेवावे तसे त्यांत ग्रंथ ठेवलेले नसतात. असतात ते केवळ आंकडे.

‘न्यूरल नेटवर्क’, म्हणजे मज्जापेशींचें जाळें, हें नांव ऐकून यंत्रांत मेंदू बसविला आहे असें पुष्कळांस वाटतें. १९४३ सालीं मॅकलक व पिट्स यांनीं मेंदूंतील पेशीचें एक अति सुलभ गणिती रूप मांडलें. त्या कल्पनेचा हा वंश. प्रत्यक्षांत तो गुणाकार-बेरजांचा व्यवहार आहे.

‘प्रॉम्प्ट’ म्हणजे यंत्रास घातलेला प्रश्न किंवा दिलेली सूचना; त्यावर अधिक बोलण्याचें कारण नाहीं. ‘टोकन’ या शब्दाकडे मात्र मराठी माणसानें लक्ष द्यावें. यंत्र मजकुराचे तुकडे करून प्रत्येकास क्रमांक देतें. असा तुकडा म्हणजे टोकन. तुकड्यांची यादी मुख्यतः इंग्रजी मजकुरावरून बेतलेली असली, म्हणजे इंग्रजी शब्द बहुधा अखंड राहतो व तेवढ्याच मराठी शब्दाच्या ठिकऱ्या होतात. जेथें आकार तुकड्यांच्या संख्येवर घेतला जातो, तेथें तेंच बोलणें मराठींत महाग पडतें.

आतां मुख्य शब्द. ‘घरोघरीं मातीच्या’ एवढेंच म्हणून कोणी थांबला, तर घरांतलें लहान पोरहि ‘चुली’ म्हणून मोकळें होतें. त्यानें मातीची चूल कदाचित् पाहिलेलीहि नसते. स्वयंपाकघरांत गॅस असतो. त्याला शब्दांची संगत ठाऊक असते, चुलीची नव्हे. भाषेचें मॉडेल याच वाटेनें जातें. पुढें कोणता शब्द येणें संभवनीय, हें तें पाहतें. संभवनीय आणि सत्य पुष्कळदां जोडीनें चालतात, म्हणून त्याचीं पुष्कळ उत्तरें बरोबर येतात. पण जेथें त्यांची ताटातूट होते, तेथेंहि यंत्राचा स्वर तितकाच ठाम राहतो. अशा उत्तरास ‘हॅल्युसिनेशन’, म्हणजे भ्रम, म्हणतात. शब्दाची निवड चांगली झाली नाहीं. भ्रम झालेला मनुष्य आपली नेहमींची रीत सोडून भलतें पाहतो. यंत्र चुकतांनाहि नेहमींचीच रीत चालवीत असतें. ‘थाप’ म्हणावें, तर थाप मारणाऱ्याला खरें ठाऊक असतें.

२०२३ सालीं न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयांत याचा पडताळा आला. एका प्रवाशानें विमान कंपनीवर लावलेल्या दाव्यांत त्याच्या वकिलांनीं आधारादाखल पूर्वींचे निवाडे दाखविले. त्यांपैकीं सहा चॅटजीपीटीनें पुरविलेले होते. खटल्यांचीं नांवें होतीं, न्यायाधीशांचीं होतीं, अवतरणेंहि होतीं. ते खटले मात्र कधीं झालेच नव्हते. हे निवाडे खरे ना, असें वकिलानें यंत्रासच विचारलें होतें, आणि यंत्रानें ते खरे असल्याची ग्वाही दिली होती. न्यायालयानें ५,००० डॉलर दंड केला, व ज्या ज्या न्यायाधीशाच्या नांवावर खोटा निवाडा घातला गेला होता त्या प्रत्येकास पत्र लिहून ती गोष्ट कळविण्याचा वकिलांस हुकूम केला.