पुरानंतरची वैरण

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील घरे-पिके बुडविली. त्यांबरोबर हिरवी वैरण आणि गंजीतील कडबाही पाण्याखाली गेला. दावणीच्या जनावराची भूक मात्र पाणी ओसरेपर्यंत थांबत नाही. दूरवरून आणलेल्या कडब्यावर वाहतुकीचा खर्च चढतो. स्वस्तातला भिजका, बुरशी धरलेला कडबा जनावरास अपायकारक ठरतो. अखेर दुभती म्हैस बाजाराची वाट धरते.

यावरील उपाय पावसाळ्यापूर्वीच योजावयास हवा. उन्हाळी मका चिकात असताना कापून, त्याची कुट्टी हवाबंद दाबून ठेवल्यास सुमारे दीड महिन्यात मुरघास तयार होतो. ग्रामपंचायत व दूधसंस्था यांनी पूररेषेबाहेर, उंच जागी असा साठा केल्यास संकटकाळी पशुपालकाला व्यापाऱ्याच्या भावापुढे मान तुकवावी लागणार नाही.