डाउनलोड अडकलंय? कॅन्सल दाबू नका!

आज थोडं घरचं सांगतो. केळझर माहीत असेलच तुम्हाला. वर्धा जिल्हा, सेलू तालुका, नागपूर-वर्धा रस्त्यावर. टेकडीवरचा सिद्धिविनायक, विदर्भाच्या अष्टविनायकांतला एक. तिथे माझी चुलतबहीण राहते. गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला तिचा फोन. "दादा, हे काऊन अटकून रायलं? तीन दिवस झाले न!"

झालं असं, की गावातल्या अभ्यासिकेत दोन संगणक बंद पडले होते. पोरं शिष्यवृत्तीचे फॉर्म तिथूनच भरायची, आणि शेवटची तारीख आठवड्यावर आलेली. हिच्या लॅपटॉपवर आधीपासून लिनक्स. म्हटली, उबुंटू उतरवते, पेनड्राइव्हवर घेते आणि दोन्ही मशीनवर टाकते. फाइल साधारण 6 जीबीची. इंटरनेट कुठलं, तर काकांच्या फोनचा हॉटस्पॉट. दिवसाला दीड जीबी.

आता कळलं ना? रोज दीड जीबीच्या आसपास आलं की गाडी थांबायची. डेटा संपला की अशा पॅकमध्ये स्पीड 64 केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला फक्त 8 किलोबाइट. उरलेले साडेचार जीबी त्या वेगाने उतरवायला रात्रंदिवस साडेसहा दिवस लागतात! ब्राउझर वाट बघून "फेल" म्हणायचा, ही वैतागून कॅन्सल दाबायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्यापासून. तीन दिवसांत काकांचा साडेचार जीबी डेटा पाण्यात. काका कापसाचे भाव फोनवरच बघतात, त्यांची चिडचिड वेगळीच.

म्हणून पहिली गोष्ट. अडकलं की आधी बघा, फाइल वाढतेय का? टर्मिनलमध्ये एलएस हायफन एल, मिनिटभराने पुन्हा तेच. आकडा हलतोय म्हणजे फक्त हळू आहे. हलत नसेल तर पिंग करून बघा. आकड्यांच्या पत्त्याला पिंग जातोय आणि साइटच्या नावाला जात नाही, तर घोळ डीएनएसचा. दोन्ही जात असतील तर नेट चालू आहे, कारण दुसरीकडे शोधा.

आणि मोठी फाइल ब्राउझरने उतरवूच नका. डब्ल्यूगेट वापरा. डब्ल्यूगेट, जागा, हायफन सी, जागा, मग लिंक. हा सी म्हणजे कंटिन्यू. डब्ल्यूगेट सर्व्हरला सांगतो, "माझ्याकडे इतके बाइट आलेत, पुढचे दे." सर्व्हर ऐकणारा असला तर 206 नंबरचं उत्तर येतं आणि काम तिथूनच पुढे सुरू. उबुंटूचे सर्व्हर ऐकतात. एक अडचण आहे बरं का. काहीच डेटा येत नसेल तर डब्ल्यूगेट मुळात 15 मिनिटं गप्प बसतो, मग पुन्हा प्रयत्न करतो. म्हणून टाइमआउट 30 सेकंद ठेवा आणि ट्राइज शून्य, म्हणजे थकायचंच नाही.

चौथ्या दिवसापासून तिने तसं केलं. रोज दीड जीबी, डेटा संपला की कंट्रोल सी दाबून बंद, रात्री बारानंतर पुन्हा तीच कमांड. दोन दिवसांत 3 जीबी. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन! डेटा शिल्लक, पिंग मस्त, आणि फाइल बरोबर 4 जीबीवर ठप्प.

इथे मीही पाच मिनिटं गार पडलो. मग विचारलं, "सेव्ह कुठे करतेस?" म्हणाली, "सरळ पेनड्राइव्हवर, म्हंजे नंतर कॉपी नाई करा लागत."

डीएफ हायफन एचटी मारायला लावलं, टी मोठा. पेनड्राइव्हसमोर लिहिलेलं, व्हीफॅट. म्हणजे फॅट32! त्यात एका फाइलला 4 जीबीच्या पुढे जाताच येत नाही, ड्राइव्ह 64 जीबीचा का असेना. लॅपटॉपच्या होममध्ये मात्र 30 जीबी मोकळी. अर्धी फाइल होममध्ये कॉपी केली, तिथे जाऊन पुन्हा डब्ल्यूगेट हायफन सी. एक बाइट वाया गेला नाही.

पाचव्या रात्री पूर्ण झाली. एसएचए256सम काढून साइटवरच्या आकड्याशी ताडून बघितलं, जुळलं. इतक्यांदा तुटून जोडलेली फाइल न तपासता इन्स्टॉल करायची नाही, हे मी तिला दोनदा बजावलं. पेनड्राइव्ह बूटेबल केला आणि दुपारपर्यंत दोन्ही संगणक सुरू. तारखेला एक दिवस बाकी होता.

आता माझी चूक. त्या जुन्या मशीनना लुबुंटूच पुरलं असतं. ते हलकं, फाइलही बरीच लहान, 4 जीबीचा प्रश्नच आला नसता. हे मला सुचलं कधी? सगळं झाल्यावर, आंघोळ करताना. तिला अजून सांगितलेलं नाही. हा एपिसोड ऐकेल तेव्हा कळेलच!