पवनीची टेकडी, पाळी आणि श्वास



पवनीला आपण विदर्भाची काशी म्हणतो. वैनगंगेचे घाट, जुना परकोट आणि पावलोपावली देवळं. पण पवनीच्या जगन्नाथ टेकडीची गोष्ट या देवळांपेक्षा कितीतरी जुनी आहे. 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तिथे खोदकाम केलं, तेव्हा मातीखालून बौद्ध स्तूप निघाला आणि त्याच्या कठड्याचे कोरीव खांब निघाले. एका खांबावर पाच फण्यांचा नाग आहे, त्याच्या छत्राखाली एक रिकामं आसन आहे आणि ब्राह्मी अक्षरांत नाव कोरलंय, मुचरिंद नाग. बुद्ध ध्यानाला बसले असताना सात दिवस झडीचा पाऊस लागला आणि या नागराजाने त्यांच्यावर फणा धरला, ती ही कथा. त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवत नसत, म्हणून आसन रिकामं.

या स्तूपासाठी दान देणाऱ्यांत स्त्रियांचीही नावं आहेत. मला आज बोलायचंय ते बायांच्या ध्यानाबद्दल आणि बायांच्या पाळीबद्दल. हे दोन विषय एका दमात ऐकून कुणी आवाज बारीक करू नये. घरात सासूबाई असतील, मामंजी असतील, त्यांनीही ऐकावं.

बुद्धाच्या संघात भिक्षुणी होत्या, त्यांनाही पाळी यायची. त्यांच्या आचाराचे नियम विनयपिटकात आहेत आणि त्यात या गोष्टीची अगदी सरळ नोंद आहे. पाळीच्या दिवसांसाठी संघात एक सामायिक वस्त्र असे, त्याला ‘आवसथचीवर’ म्हणत. जिला पाळी आली तिने ते वापरायचं आणि चौथ्या दिवशी धुऊन दुसरीला द्यायचं. थुल्लनंदा नावाची भिक्षुणी ते स्वतःकडेच ठेवून बसली, बाकीच्यांची पंचाईत झाली, तेव्हा ते अडवून ठेवायचं नाही असा नियम झाला. फडकं घ्यायची आणि ते जागेवर राहावं म्हणून कंबरेला दोरी बांधायचीही मुभा दिलेली आहे. मला हे फार मोठं वाटतं. मन स्थिर करायला निघालेल्या बायांच्या संघाने आधी फडक्याची आणि दोरीची सोय पाहिली.

आता आपल्या धानाच्या बांधीत या. आषाढ-श्रावणात रोवणी चालू असते. घोट्याच्या वर चिखल, डाव्या हातात पऱ्ह्याची जुडी, उजव्या हाताने रोप खुपसायचं आणि एकेक पाऊल मागे सरकायचं. कंबर दिवसभर वाकलेली. पाळीचा दुसरा दिवस असला तरी हुंडा, म्हणजे कामाचा ठेका, घेतलेला असतो, ओळ सोडून धुऱ्यावर येता येत नाही. ओटीपोटात कळ आली की बाई दात आवळते आणि श्वास धरते.

तो धरलेला श्वासच इथे महत्त्वाचा आहे. पाळीत गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात, त्यामुळे गर्भाशय आवळतं आणि कळ येते. ही कळ खरी असते, मनाचे खेळ नव्हेत. पण कळ आली की आपण पोट आणि जांघा घट्ट करतो. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, मूत्राशय आणि गर्भाशय तिने तोलून धरलेलं असतं. श्वास आत घेताना छातीखालचा पडदा खाली उतरतो तशी ही झोळीही किंचित खाली येते आणि सैल होते, श्वास सोडताना वर जाते. श्वास कोंडला की ती आवळूनच राहते आणि आवळलेला स्नायू स्वतःच दुखू लागतो.

म्हणून संध्याकाळी दहा मिनिटं काढा. पाठीवर निजा, गुडघे उभे करा, एक हात बेंबीखाली ठेवा. श्वास येतोय, हाताखाली पोट वर येतंय, एवढंच पाहा. सोडताना घाई नको. कळ आली तर ती कुठे आहे, डावीकडे की माकडहाडापाशी, वाढते आहे की ओसरते आहे, तेही पाहा. गरम पाण्याची पिशवी पोटावर असली तर उत्तमच. आनापान म्हणतात ते हेच, श्वासाकडे लक्ष. गोयंका गुरुजींच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहिले तीन दिवस हेच शिकवतात. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला, त्याची मुळंही या परंपरेत आहेत.

बुद्धाने दोन बाणांचा दाखला दिलाय. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा, दुसरा त्यावर मनाने केलेल्या तडफडीचा. ध्यानाने दुसरा चुकवता येतो. पण आपल्याकडे दुसरा बाण पुष्कळदा बाईचं मन मारत नाही, घर मारतं. ‘शिवू नको, बाहेर बस, पाण्याला हात लावू नको.’ तो बाण तिने डोळे मिटून सोसायचा नाही, घराने तो भात्यातून काढूनच टाकायचा.

आणि ध्यान म्हणजे गप्प बसून सोसणं, असंही कुणी समजू नये. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के होत्या. बाकीच्यांतल्या बहुतेकजणी दुखणं अंगावर काढत होत्या. दर महिन्याला दुखणं वाढत असेल, तासातासाला कपडा बदलावा लागत असेल, वास येणारं पांढरं जात असेल, अंग बाहेर येत असेल किंवा पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं असेल, तर तिथे श्वासावर भागवू नका. आशाताईला सांगा, दवाखान्यात तपासून घ्या. रोज दहा मिनिटं स्वतःच्या पोटाकडे नीट पाहिलेली बाई डॉक्टरला नेमकं सांगू शकते, कुठे दुखतं, केव्हापासून आणि कशाने वाढतं.

आपल्या जिल्ह्यात गावोगावी विहार आहेत, पौर्णिमेला बाया जमतात. माझी त्या महिला मंडळांना विनंती आहे. वंदनेनंतर दहा मिनिटं आनापान ठेवा, वयात आलेल्या पोरींना सोबत बसवा. आशाताईला महिन्यातून एकदा बोलवा. विहाराच्या कपाटात पॅडची चार पाकिटं ठेवा आणि कपाटाला कुलूप लावू नका. देवळात, समाजमंदिरात, बचत गटाच्या बैठकीतही हे करता येईल. येत्या पौर्णिमेपासूनच करा.