टपावरची काडी

वाशीच्या खाडीपुलावर कधी वायरलेसची गाडी पुढे असली तर तिच्या टपाकडे नीट बघा. एक उंच लवचीक काडी, शेजारी तशीच दुसरी, जीपीएसचा चपटा ठोकळा, दिव्यांची आडवी पट्टी. दुसऱ्या काडीबद्दल विचारलं की अँटेना बसवणारा म्हणतो, "ती नुसतीच आहे साहेब, सेट कधीच काढला." माझं डोकं फिरतं ते इथं. सेट काढला म्हणून अँटेना गप्प बसत नाही!

फडताळातली पितळी भांडी आठवा. रस्त्यावर ढोल वाजला की एखादंच पातेलं घुमतं, ज्याचं माप त्या सुराला जुळतं तेवढंच. दीडशे मेगाहर्ट्झची लहर २ मीटरची, तिला अर्ध्या मीटरची काडी जुळते. खालचा पत्रा आरशासारखा उरलेला भाग पुरवतो. लहर आली की काडीत प्रवाह धावतो आणि काडी ती लहर पुन्हा उधळते. शेजारच्या चालू काडीला मूळ आवाज येतो आणि हे घुमणंही येतं. गाडी एका बाजूला वळली की दोन्ही मिळून मोठे होतात, दुसऱ्या बाजूला एकमेकांना खातात. मग शिव्या टॉवरला!

पातेल्यात डाळ भरली की घुमणं कमी होतं. काडीला जोडलेला सेट म्हणजे ती डाळ. तरीही नीट जुळवलेली साधी काडी सेटला जेवढी ऊर्जा देते, जवळजवळ तेवढीच बाहेर उधळते. आणि सेट काढून केबल तशीच लोंबत ठेवली, तिची लांबी नेमकी पाव लहरीची पडली, तर काडी बुडाशी पत्र्याला जोडल्यासारखी होते. ते रिकामं पातेलं, सगळ्यांत जास्त घुमणारं. म्हणून सांगतो, सेट काढलात तर काडीही काढा. दोन पान्यांचं काम आहे हो!

आपल्या खारघरला 'समीर' या संशोधन संस्थेचं केंद्र आहे, तळोज्याला भारत इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना आहे. ही विद्या दाराशी असताना टपावर असा पसारा का? नौदलाला तर हा हिशेब टाळताच येत नाही. माझगाव गोदीत बांधलेली युद्धनौका 'निलगिरी' १५ जानेवारी २०२५ ला मुंबईत नौदलात दाखल झाली. रडारला कमी दिसावी म्हणून तिचे कोन घडवलेत, आणि अशा जहाजावर प्रत्येक उभी अँटेना शत्रूच्या रडारलाही उत्तर देते. ते कसं दाबतात, हे पुन्हा कधीतरी. तोवर काडी काढा.